न बांधलेल्या महामार्गाचा इतिहास : ऑरेगनमधील नागरिकांनी नियोजनाचे गणित तपासले तेव्हा

१/
किल्ले, पूल, राजमार्ग यांचा इतिहास आवडीने लिहिला जातो. जे बांधले गेले नाही, त्याचा इतिहास सहसा कोणी लिहीत नाही. अमेरिकेच्या ऑरेगन राज्यात, पोर्टलंड शहराच्या पश्चिमेस, एक महामार्ग कागदावर आखला गेला, सरकारी आराखड्यात समाविष्ट झाला आणि जमिनीवर कधीच उतरला नाही. त्याचे नाव ‘वेस्टर्न बायपास’. हा धागा त्या रस्त्याविषयी आणि तो अडवणाऱ्या नागरिकांविषयी.

२/
‘लोकांनी विरोध केला आणि सरकार नमले’ अशा एका वाक्यात ही कहाणी सांगितली, तर तिचा गाभाच निसटतो. विरोध जगभर होतो. बहुतेक ठिकाणी तो ऐकून घेतला जातो, नोंदवला जातो आणि फायलीत बंद होतो. येथे निराळे घडले, कारण नागरिकांपाशी बोलण्याच्या मुभेपेक्षा अधिक काही होते. निर्णयामागचे गणित पाहण्याचा, ते खोडून काढण्याचा आणि त्यावर लेखी उत्तर मागण्याचा अधिकार त्यांना कायद्याने दिला होता. लोकसहभाग या शब्दाला अर्थ येतो तो या अधिकारामुळे.

३/
प्रथम ‘काउंटी’ म्हणजे काय ते पाहू. अमेरिकेत राज्य आणि शहर यांच्यामधला हा प्रशासकीय घटक. आकाराने तो आपल्या जिल्ह्याची आठवण करून देतो, पण त्याचा कारभार लोकांनी निवडलेले आयुक्तमंडळ पाहते. शहरांच्या हद्दीबाहेर कोणत्या जमिनीवर शेती, कोठे घरे, कोठे रस्ता, हे तेच ठरवते. पोर्टलंडलगतच्या वॉशिंग्टन काउंटीत (राजधानी वॉशिंग्टनशी तिचा संबंध नाही) फार मोठी लोकसंख्या नागरी वस्तीत राहते, पण कोणत्याही शहराच्या हद्दीत मोडत नाही. त्यांना महापौर नाही. काउंटी हीच त्यांची नगरपालिका.

४/
दुसऱ्या महायुद्धानंतरचा काळ अभियंत्यांचा होता. १९५६ च्या संघीय महामार्ग कायद्याने आंतरराज्य महामार्गांच्या खर्चाचा ९० टक्के भार केंद्र सरकारने उचलला. स्थानिकांना दहा टक्क्यांत महामार्ग मिळू लागल्यावर ‘नको’ म्हणणे अवघड झाले. जनसुनावणी होत असे, पण रेषा आखून झाल्यावर. नागरिकांपुढे प्रश्न ठेवला जाई तो ‘रस्ता कसा दिसावा’ एवढाच. ‘रस्ता हवा का’ हा प्रश्न त्याआधीच बंद खोलीत सुटलेला असे.

५/
त्याची किंमत कोणी मोजली? पोर्टलंडच्या ऑल्बायना भागात कृष्णवर्णीयांची मोठी वस्ती होती. १९६० मध्ये खुले झालेले मेमोरियल कोलिझियम हे क्रीडागृह, पुढे आंतरराज्य महामार्ग आणि १९७० च्या दशकाच्या आरंभी इमॅन्युएल रुग्णालयाचा विस्तार, अशा एकामागून एक प्रकल्पांनी तेथील शेकडो घरे पाडली. रुग्णालयाच्या विस्तारासाठी मिळणारा संघीय निधी पुढे आटला आणि मोकळी केलेली जमीन दशकानुदशके ओस राहिली. ज्यांची घरे गेली, त्यांना कोणी विचारले नव्हते. हा संदर्भ धाग्याच्या शेवटाकडे पुन्हा लागणार आहे.

६/
पहिला तडा १९७४ मध्ये गेला. पोर्टलंडच्या आग्नेय भागातील वस्त्या चिरत जाणारा ‘माउंट हूड फ्रीवे’ ठरलेला होता. रहिवाशांनी न्यायालय गाठले. मार्गनिवडीची प्रक्रिया नियमाप्रमाणे झाली नाही, असा निर्णय संघीय न्यायालयाने दिला. त्याच वर्षी मल्टनोमा काउंटीने आणि शहराने पाठिंबा काढून घेतला. १९७३ च्या नव्या कायद्यामुळे रद्द महामार्गाचा निधी सार्वजनिक वाहतुकीकडे वळवता येत होता. त्या निधीतून १९८६ मध्ये पोर्टलंडची पहिली ‘मॅक्स’ लाइट रेल धावली.

७/
याच सुमारास राज्याच्या पातळीवर वेगळी चिंता वाढत होती. विलॅमेट नदीचे खोरे ही ऑरेगनची सर्वांत सुपीक भूमी, आणि राज्याची बहुतांश लोकसंख्याही तेथेच. शहरे पसरत होती ती उत्तम शेतजमिनीवर. गव्हर्नर टॉम मॅकॉल यांनी जानेवारी १९७३ मध्ये विधिमंडळापुढे या बेबंद विस्तारावर कडाडून टीका केली. कायद्याचा पाया घातला तो हेक्टर मॅकफर्सन या सिनेटरांनी. ते रिपब्लिकन होते आणि व्यवसायाने दुग्धोत्पादक शेतकरी. जमीन वाचवण्याची मागणी शेताच्या बांधावरून आली होती, हे विसरता कामा नये.

८/
२९ मे १९७३ रोजी ‘सिनेट बिल १००’ वर मॅकॉल यांची सही झाली. प्रत्येक शहराने व काउंटीने सर्वंकष आराखडा करायचा आणि तो राज्याने ठरवलेल्या उद्दिष्टांशी सुसंगत असायचा, हे त्याचे सूत्र. ही उद्दिष्टे लिहिण्यासाठी सात सदस्यांचा एक आयोग नेमला गेला. आयोगाने गावोगावी बैठका घेतल्या, हजारो नागरिकांना प्रश्न विचारले आणि डिसेंबर १९७४ मध्ये पहिली १४ उद्दिष्टे स्वीकारली. पुढे त्यांची संख्या १९ झाली.

९/
या १९ उद्दिष्टांचा क्रम लक्षपूर्वक पाहण्याजोगा आहे. शेतजमीन तिसऱ्या क्रमांकावर, वाहतूक बाराव्या, नागरीकरण चौदाव्या. पहिले उद्दिष्ट ‘नागरिकांचा सहभाग’. जमिनीविषयीच्या कायद्यात जमिनीच्या आधी माणूस आला. मात्र क्रमापेक्षा महत्त्वाचा आहे तो मजकूर. सद्भावना व्यक्त करून थांबण्याऐवजी या उद्दिष्टाने सहभागाचे सहा घटक सांगितले आणि ते शहरांवर व काउंट्यांवर बंधनकारक केले.

१०/
ते सहा घटक असे. समाजाच्या सर्व थरांतून व्यापक सहभाग. प्रशासन व नागरिक यांच्यात दुहेरी संवाद. नियोजनाच्या प्रत्येक टप्प्यावर प्रभाव टाकण्याची संधी. तांत्रिक माहिती सामान्य माणसाला समजेल अशा रूपात उपलब्ध करणे. सूचना करणाऱ्यास धोरणकर्त्यांकडून प्रतिसाद आणि निर्णयामागील कारणांची लेखी नोंद. आणि या सर्वासाठी मनुष्यबळ व पैसा. चौथा, पाचवा आणि सहावा घटक नसेल, तर पहिले तीन केवळ शोभेचे ठरतात. आकडे समजत नाहीत, उत्तर मिळत नाही आणि बैठकीचा खर्च कोणी करत नाही, तेथे सहभाग फार काळ तग धरत नाही.

११/
हक्काला दात हवेत. १९७९ मध्ये ऑरेगनने भूवापराच्या तंट्यांसाठी स्वतंत्र अपील मंडळ स्थापन केले. स्थानिक निर्णयाविरुद्ध २१ दिवसांत तेथे जाता येते. त्याची एक अट मोठी बोलकी आहे : ज्याने स्थानिक पातळीवर तोंडी वा लेखी म्हणणे मांडले, त्यालाच अपिलाचा अधिकार, आणि जो मुद्दा तेथे उपस्थित झाला नाही, तो पुढे सहसा चालत नाही. म्हणजे संध्याकाळच्या सुनावणीत दिलेला साधा कागद हा पुढील कायदेशीर लढ्याचा पहिला दस्तऐवज असतो. बोलणे आणि परिणाम यांच्यात अशी सांधणी फार थोड्या ठिकाणी आढळते.

१२/
वॉशिंग्टन काउंटीने १९७० च्या दशकाच्या मध्यास आपला प्रदेश विभागून ‘समुदाय सहभाग संघटना’ स्थापन केल्या. त्या भागात राहणारा, जमीन वा व्यवसाय असणारा कोणीही बैठकीला येऊ शकतो. नवी वसाहत, रस्त्याचे रुंदीकरण, ओढ्याकाठचे बांधकाम, अशा अर्जांच्या सूचना त्यांच्याकडे येतात. ज्यांना नगरपालिकाच नाही, त्यांच्यासाठी ही बैठक म्हणजे गावची चावडी. अनेक वर्षे तिला ऑरेगन स्टेट विद्यापीठाच्या विस्तारसेवेचे साहाय्य होते. शेतकऱ्यांना बियाण्यांची माहिती देणारी यंत्रणा नागरिकांना आराखडा वाचायला मदत करत होती.

१३/
आता मूळ प्रश्न. १९८० च्या दशकात वॉशिंग्टन काउंटी वेगाने वाढत होती. संगणकाच्या चिप बनवणाऱ्या इंटेलसारख्या कंपन्यांचे कारखाने उभे राहिले, रस्ते तुंबले. उपाय म्हणून ट्वालाटिनजवळच्या आंतरराज्य महामार्गापासून हिल्सबरोजवळच्या सनसेट महामार्गापर्यंत नवा बाह्यवळण मार्ग सुचवला गेला. काउंटीने आणि ‘मेट्रो’ने (ही रेल्वे नव्हे, तर पोर्टलंड परिसराची निवडून आलेली प्रादेशिक शासनसंस्था) तो आराखड्यात घेतला. अडचण एकच होती : त्याचा बराचसा भाग नागरी वाढसीमेच्या बाहेरून, शेतजमिनीतून जात होता.

१४/
येथे कायद्याने वळण दिले. वाढसीमा म्हणजे शहराने कोठवर पसरावे याची आखलेली रेषा. तिच्यापलीकडची जमीन शेती व वनांसाठी राखीव. तेथे असा रस्ता न्यायचा तर उद्दिष्टांना अपवाद मागावा लागतो, आणि अन्य वाजवी पर्यायाने काम भागत नाही हे लेखी पुराव्याने दाखवावे लागते. ‘पर्याय आहे का?’ हा प्रश्न त्यामुळे सभेतली घोषणा न राहता कायद्याचा मुद्दा बनला. ज्याच्याकडे तपासता येईल असा पर्याय असेल, त्याचे म्हणणे आता टाळता येणार नव्हते.

१५/
स्थानिक रहिवाशांनी ‘स्टॉप’ नावाची संघटना उभारली. त्यांना साथ मिळाली ‘थाउजंड फ्रेंड्स ऑफ ऑरेगन’ या संस्थेची. भूवापर कायद्याची अंमलबजावणी होते की नाही यावर पहारा ठेवण्यासाठी मॅकॉल आणि हेन्री रिचमंड यांनी १९७५ मध्ये ती स्थापन केली होती. खटल्यांवर न थांबता या मंडळींनी एक धाडसी काम अंगावर घेतले : सरकारच्या अभ्यासाला समांतर असा आपला अभ्यास. भूवापर, वाहतूक आणि हवेची प्रत या तिन्ही शब्दांच्या इंग्रजी आद्याक्षरांवरून त्याचे नाव पडले ‘लूट्रॅक’. नगररचनाकार पीटर कॅल्थॉर्प यांची संस्था आणि वाहतुकीतील नामांकित सल्लागार त्यात सामील झाले.

१६/
त्यांनी बोट ठेवले ते वाहतुकीच्या गणिती प्रारूपावर. भविष्यात किती गाड्या धावतील, हे प्रारूप सांगते. आणि त्या आकड्यावर रस्त्याची गरज ठरते. पण प्रारूपात एक गृहीतक दडलेले होते : रस्ता बांधला काय, न बांधला काय, घरे आणि कचेऱ्या ठरल्या तेथेच येणार. वास्तवात रस्ता आला की वस्ती त्याच्यामागे धावते. दुसरे म्हणजे, पायी चालणारा माणूस त्या गणितात जवळजवळ नव्हताच. ज्या गणिताला चालणे दिसत नाही, त्याचे उत्तर ‘आणखी रस्ता’ हेच येणार. अन्याय कोणाच्या मनात नव्हता. तो समीकरणात होता.

१७/
लूट्रॅकने चालण्यासाठी एक निर्देशांक घडवला. त्यात चार गोष्टी मोजल्या : रस्ता ओलांडणे किती सोपे, पदपथ सलग आहेत का, रस्त्यांची जाळी एकमेकांना जोडलेली की बंद गल्ल्यांची, आणि चढउतार किती. भाजी आणायला पिशवी घेऊन निघालेल्या कोणालाही हे चार प्रश्न सुचतील. तज्ज्ञांच्या प्रारूपात मात्र त्यांना जागा नव्हती. रोजच्या अनुभवाचे आकड्यांत रूपांतर झाले, तेव्हाच तो अनुभव निर्णयाच्या खोलीत पोहोचला. या साऱ्या प्रकरणातील सर्वांत मोलाची घटना हीच.

१८/
पर्याय असा होता : नवी घरे व नोकऱ्या रेल्वेस्थानके आणि बसमार्गांभोवती, चालण्याजोग्या वस्त्यांत वसवायच्या, त्यासाठी पश्चिमेकडे नियोजित असलेल्या लाइट रेलचा पुरेपूर उपयोग करायचा. राज्याच्या परिवहन विभागाने आपल्या अभ्यासात तो अधिकृत पर्यायांपैकी एक म्हणून घेतला. १९९१ मध्ये राज्याने नवा नियम करून महानगरांना दरडोई मोटारप्रवास कमी करण्याचे लक्ष्य दिले. १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धात बायपासचा प्रस्ताव मागे पडला. १२ सप्टेंबर १९९८ रोजी हिल्सबरोपर्यंतची लाइट रेल सुरू झाली आणि ओरेन्को स्थानकापाशी चालण्याजोगी नवी वसाहत उभी राहिली.

१९/
विरोधी बाजू दुर्लक्षिण्याजोगी नाही. वॉशिंग्टन काउंटीत आजही कोंडी होते, आणि पश्चिमेकडील उत्तर-दक्षिण रस्त्याची मागणी अधूनमधून डोके वर काढते. ‘तेव्हा रस्ता झाला असता तर’ असे म्हणणाऱ्यांचा त्रास खोटा नाही. त्यांना उत्तर एवढेच : प्रश्न पुन्हा खुला होऊ शकतो, पण त्याच कसोटीवर. गृहीतके उघडी, पर्याय मोजलेले, कारणे लिहिलेली. नागरिकांनी रस्त्याला ‘नाही’ म्हटले यापेक्षा ही कसोटी रूढ केली, हे त्यांचे अधिक टिकाऊ यश आहे.

२०/
आणि नागरिक म्हणजे एकमुखी समुदाय नव्हे. १९७६, १९७८ आणि १९८२ मध्ये सार्वमताने ही व्यवस्था मोडण्याचे प्रयत्न झाले. मतदारांनी ते फेटाळले. शेवटच्या वेळी मॅकॉल कर्करोगाशी झुंजत प्रचारात उतरले आणि काही आठवड्यांतच, जानेवारी १९८३ मध्ये, निधन पावले. पण २००४ मध्ये त्याच मतदारांनी सुमारे ६१ टक्के मतांनी असा कायदा केला की निर्बंधांमुळे जमिनीची किंमत घटली, तर मालकाला भरपाई द्यावी किंवा निर्बंध उठवावेत. हजारो दावे आले. २००७ मध्ये दुसऱ्या सार्वमताने त्याला आवर घातला. आयुष्याची पुंजी जमिनीत गुंतवलेल्या वृद्ध मालकाची तक्रार हाही लोकसहभागच होता.

२१/
याहून खोल दोष वेगळा आहे. संध्याकाळी सात वाजताच्या बैठकीला कोण येते? ज्याचे घर स्वतःचे, ज्याला वेळ आहे, ज्याला इंग्रजीत अर्ज वाचता येतो, तो. भाडेकरू, पाळीत काम करणारा, नवा स्थलांतरित सहसा येत नाही. आणि जो अजून तेथे राहायलाच आलेला नाही, त्याला तर खुर्चीच नसते. अमेरिकेत अनेक ठिकाणी शेजारसंघटनांनी हेच व्यासपीठ वापरून लहान व स्वस्त घरांना विरोध केला. शेतजमीन वाचवायची तर वस्ती सीमेच्या आत दाट व्हायला हवी. पण दाट वस्ती आपल्या गल्लीत नको, असा हा पेच.

२२/
ऑरेगनने २०१९ मध्ये राज्याच्या पातळीवर कायदा करून दहा हजारांहून अधिक लोकसंख्येच्या शहरांत, जेथे पूर्वी एकाच कुटुंबाचे घर चाले, तेथे जोडघरांना मुभा दिली. मोठ्या शहरांत आणि पोर्टलंड परिसरात चार घरांच्या इमारतींपर्यंत. स्थानिक सभेचा नकाराधिकार त्याने कमी केला, आणि ते योग्यच झाले. ऑल्बायनाच्या रहिवाशांना कोणी विचारले नाही, हा एक अन्याय. जे बैठकीला येऊ शकतात त्यांनीच सर्वांच्या वतीने ठरवावे, हा त्याचा सौम्य चेहऱ्याचा भाऊ. पहिल्या उद्दिष्टाचा पहिला घटक ‘व्यापक सहभाग’ हा आहे, आणि तोच सर्वांत कमी पाळला गेला.

२३/
१९६९ मध्ये शेरी आर्नस्टीन यांनी लोकसहभागाची आठ पायऱ्यांची शिडी मांडली. तळाशी दिशाभूल, मधल्या पायऱ्यांवर माहिती देणे व सल्ला घेणे, वर भागीदारी आणि प्रत्यक्ष सत्ता. महाराष्ट्रात विकास आराखड्यांवर ‘हरकती व सूचना’ मागवल्या जातात. ती पद्धत या शिडीच्या कोणत्या पायरीवर बसते, हे ज्याने त्याने तपासावे. बीव्हरटन, हिल्सबरो, बेथनी या भागांत स्थायिक झालेल्या भारतीयांत मराठी कुटुंबेही आहेत. त्यांच्या घरासमोरच्या रस्त्याचा निर्णय ज्या सभेत होतो, तिचे दार त्यांनाही उघडे आहे.

२४/
कोणत्याही नियोजनाला तीन प्रश्न विचारले की सहभाग खरा की देखावा, ते कळते. लोकांना विचारले ते निर्णयाआधी की नंतर? आकडे आणि त्यामागची गृहीतके सर्वांना पाहता येतात का? जे म्हणणे नाकारले, ते का नाकारले याचे लेखी उत्तर मिळते का? ऑरेगनने या तिन्हींची उत्तरे कायद्यात लिहिली, ‘कोणाला विचारले?’ हा चौथा प्रश्न मात्र तेथेही अपुरा सुटला. ट्वालाटिन आणि हिल्सबरो यांच्यामधल्या शेतांतून तो महामार्ग गेला नाही, याचे श्रेय पहिल्या तिन्हींना आहे. पुढच्या पिढीचे काम चौथ्यावर आहे.